पर्यावरण सावरण्याच्या कामात संशोधकांचा उपयोग नेमका कुठे होतो?

कुरण

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "झाडं लावायला पीएचडी कशाला लागते?" तिथे विषयांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. प्रश्न टोमणा मारल्यासारखा असला तरी रास्त आहे. खड्डा खणायला आणि रोप लावायला पीएचडी लागत नाहीच. पण कुठे खणू नये, काय लावू नये आणि मुळात बिघडलंय काय, हे कळायला कुणीतरी ठाण मांडून मोजमाप करावं लागतं. काम झाल्यावर ते टिकलं का, हे बघायलाही तेच करावं लागतं. या दोन्ही टोकांना पैसा आणि माणसं मिळत नाहीत, सगळा जोर मधल्या खड्डे-रोपांवर असतो, अशी माझी तक्रार आहे.

माझं आवडतं उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये 'लार्ज ब्लू' नावाचं निळं फुलपाखरू होतं. एकोणिसाव्या शतकापासून ते कमी होत चाललं होतं. हौशी संग्राहक जाळी घेऊन येतात आणि पकडून नेतात म्हणून ते संपतंय, अशी सगळ्यांची समजूत. मग काही जागांना कुंपणं घातली. संग्राहक थांबले, त्यांच्याबरोबर गुरंही थांबली, आणि फुलपाखरं तरीही गेलीच.

1972 पासून जेरेमी थॉमस या संशोधकाने उरल्यासुरल्या वसाहतींवर मुक्काम ठोकून अंडी-अळ्या मोजायला सुरुवात केली. या अळीचं आयुष्य अजब आहे. पहिले काही आठवडे ती थाईम नावाच्या सुगंधी झुडपाच्या फुलांवर काढते, मग जमिनीवर टपकते. लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून उचलतात, घरात नेतात, आणि तिथे ती दहाएक महिने त्यांचीच पिल्लं खाऊन पोसते. इथवरची गोष्ट आधीही ठाऊक होती. ठाऊक नव्हतं ते असं की तिला उचलून नेणाऱ्या मुंग्या अनेक जातींच्या असतात, पण ती बऱ्यापैकी जगते फक्त मिर्मिका सॅब्युलेटी या एका जातीच्या घरात. या मुंगीला उबदार माती लागते. गवत तीनेक सेंटिमीटरच्या वर गेलं की सावली पडते, माती थोडी थंड होते, ही मुंगी हटते आणि तिची जागा दुसरी जात घेते. चराई कमी झाली होती, 1950 च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीने गवत खाणारे ससेही मेले होते. गवत माजलं. बघणाऱ्याला थाईमही दिसत होता, मुंग्याही दिसत होत्या, पण त्या भलत्याच होत्या.

उत्तर मिळालं तेव्हा उशीर झाला होता. 1979 मध्ये फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झालं. पण कारण हाती होतं, म्हणून 1983 पासून स्वीडनहून आणून ते परत सोडता आलं. चराई पुन्हा सुरू करून गवत आखूड ठेवलं, आणि या वेळी ते टिकलं.

आडमुठा

तो टोमणा माझाच होता, तेव्हा मान दिल्याबद्दल आभार. गोष्ट सुंदर आहे. पण तुमच्याच गोष्टीत संशोधन पूर्ण होईपर्यंत रुग्ण दगावला, हे विसरू नका. आणि एका फुलपाखराचं झालं. जगभर पर्यावरणावर पेपरांचा पाऊस पडतोय, त्यातून एखादी नदी, एखादं तळं खरोखर सुधारलं असं दाखवा. पेपर छापून बढती मिळते हे मला माहीत आहे, ते नका सांगू.

वाटसरू

चांगला विषय. वाचतोय.

शेवाळ

आडमुठाजी, तळ्याचं विचारलंत, आता ऐकावं लागेल.

1960 च्या दशकात उत्तर अमेरिकेतली मोठमोठी तळी हिरवीगार होऊ लागली, ईरी सरोवर त्यातलं सगळ्यात बदनाम. शेवाळ माजायचं, मग मरून कुजायचं, पाण्यातला ऑक्सिजन संपायचा, मासे मरायचे. सांडपाण्यातलं काहीतरी शेवाळाला खत म्हणून मिळतंय हे उघड होतं. पण कोणतं? फॉस्फरस, नायट्रोजन की कार्बन? प्रश्न लाखमोलाचा, कारण डिटर्जंटमध्ये तेव्हा भरपूर फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच संयुग, असायचं आणि ते बनवणाऱ्यांना दोष कार्बनवर जायला हवा होता. प्रयोगशाळेत बाटलीत पाणी भरून प्रयोग केले, तर त्यातले काही खरोखरच कार्बनकडे बोट दाखवत होते.

1968 मध्ये कॅनडाने ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात पन्नासेक छोटी तळी फक्त प्रयोगांसाठी राखून ठेवली. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाटली सोडून अख्ख्या तळ्यावरच प्रयोग केले. 227 क्रमांकाच्या तळ्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस घातला, कार्बन घातलाच नाही. तरी तळं हिरवं झालं. कार्बन हवेतून येत होता. बंद बाटलीत हवेशी ती देवघेव होतच नाही, म्हणून बाटलीने चुकवलं.

मग 1973 मध्ये 226 क्रमांकाचं तळं घेतलं. त्याचा आकार मधे कंबर असल्यासारखा. त्या कंबरेत प्लास्टिकचा जाड पडदा तळापर्यंत सोडून तळ्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन, फॉस्फरस फक्त एकीकडे. काही आठवड्यांत फॉस्फरसची बाजू हिरवी आणि दुसरी होती तशी काळसर निळी. वरून काढलेला तो फोटो कुणी बघितला असेल तर त्याला आकडेवारी समजावून सांगावी लागत नाही. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर निर्बंध आणताना आणि सांडपाण्यातला फॉस्फरस काढण्यावर खर्च करताना या प्रयोगांचा फार उपयोग झाला.

तळटीप अशी, की याच जागेचा निधी सरकारने 2012 मध्ये थांबवायचं ठरवलं. खूप आरडाओरडा झाला, आणि 2014 मध्ये एका स्वतंत्र संस्थेने ती चालवायला घेतली म्हणून वाचली.

पाणकोंबडी

मस्त प्रतिसाद शेवाळ! एक बाळबोध प्रश्न. फॉस्फरस बंद केला की तळं आपोआप निवळतं का?

शेवाळ

बाळबोध अजिबात नाही, ताई. उत्तर आहे, तळ्यावर अवलंबून.

सिअॅटलजवळचं लेक वॉशिंग्टन खोल आहे. तिथे 1963 ते 1968 या काळात सांडपाणी दुसरीकडे वळवलं आणि काही वर्षांतच पाणी स्वच्छ झालं. एडमंडसन या प्राध्यापकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होईल, आणि तसंच झालं.

उथळ तळ्यांचं मात्र वेगळं. वर्षानुवर्षं तळाच्या गाळात फॉस्फरस साठलेला असतो, बाहेरून येणारा बंद केला तरी गाळ तो सोडत राहतो. शिवाय गढूळपणा स्वतःला टिकवून धरतो. पाणी गढूळ, म्हणून तळाशी उजेड नाही. उजेड नाही म्हणून पाणवनस्पती नाहीत. त्या नाहीत म्हणून गाळ धरून ठेवायला मुळं नाहीत, आणि तळ उकरणारे मासे गाळ ढवळतच राहतात. डच संशोधक मार्टेन शेफर यांनी 1990 च्या दशकात हे गणितात मांडलं. एकाच तळ्याच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात, स्वच्छ आणि गढूळ, आणि ज्या वाटेने तळं गढूळ झालं त्याच वाटेने ते परत येत नाही. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये यावरून उथळ तळ्यांतले तळ उकरणारे मासे मोठ्या प्रमाणावर काढून बघितले. काही ठिकाणी एका हंगामात पाणी निवळलं, वनस्पती आल्या. काही ठिकाणी थोड्या वर्षांनी पुन्हा गढूळ, कारण बाहेरून येणारं खत पुरेसं कमी केलेलंच नव्हतं.

सुरवंट

गिधाडं कशी काय आली नाहीत अजून? 1990 च्या दशकात दक्षिण आशियातली गिधाडं इतक्या वेगाने मेली की पांढऱ्या पाठीचं गिधाड भारतात 99 टक्क्यांहून जास्त घटलं. अनेकांचा संशय विषाणूवर होता. मेलेल्या गिधाडांच्या पोटात आतड्यांवर, मूत्रपिंडावर पांढरी पूड साठलेली दिसायची, म्हणजे युरिक अॅसिड. मूत्रपिंड निकामी झाल्याची खूण. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात काम करताना विषाणू, जड धातू, कीटकनाशकं असं एकेक तपासून बाजूला सारलं आणि मग सरळ प्रश्न विचारला, की गिधाडं जी मेलेली गुरं खातात त्या गुरांना कोणती औषधं दिली जातात? डायक्लोफिनॅक निघालं. साधं वेदनाशामक. 2004 मध्ये निष्कर्ष छापून आला आणि 2006 मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळने गुरांसाठी ते बंद केलं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना चालतं हे तपासून दाखवलं, म्हणून बंदी घालता आली. पर्याय हाती नसता तर बंदी कागदावरच राहिली असती असं माझं मत.

म्हणजे दोनच वर्षांत निष्कर्षाचा निर्णय झाला, आडमुठाजी.

आडमुठा

मान्य. गिधाडांचं उदाहरण जोरदार आहे. पण बारकाईने बघा, आतापर्यंत तुम्ही सांगितलेलं बहुतेक 'विष शोधलं, विष थांबवलं' या प्रकारचं आहे. त्यात संशोधक लागतात हे मी कधीच नाकारलं नव्हतं. माझा प्रश्न पुनरुज्जीवनाचा होता. मोडलेलं जोडायचा. नदी सरळ करून टाकली होती ती पुन्हा वळणदार करणं, जंगल पुन्हा उभं करणं. तिथे कंत्राटदार काम करतो आणि प्राध्यापक फोटो काढतात.

मुरूम

मी स्थापत्य अभियंता, त्यामुळे कंत्राटदाराच्या बाजूने बोलायला हवं. पण या बाबतीत आकडे आमच्या बाजूने नाहीत.

अमेरिकेत एमिली बर्नहार्ट, मार्गारेट पामर वगैरे मंडळींनी नदी-सुधारणेच्या 37,000 हून जास्त प्रकल्पांच्या नोंदी गोळा केल्या. निष्कर्ष 2005 मध्ये आला. 1990 पासून दरवर्षी सरासरी एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च, आणि काम झाल्यावर पुढे काही मोजलं अशी नोंद जेमतेम दहा टक्के प्रकल्पांत. बाकीचे यशस्वी झाले की फसले हे कुणालाच माहीत नाही, ज्यांनी केले त्यांनाही नाही.

पुढे 2010 मध्ये पामर यांच्या गटाने 78 प्रकल्प तपासले, ज्यांत प्रवाहात दगड टाकणं, वळणं देणं, खाचखळगे करणं असं काम झालं होतं. कल्पना अशी की जागा वैविध्यपूर्ण केली की जीवही वैविध्यपूर्ण येतील. पाण्यातल्या किड्यांची विविधता खात्रीने वाढली ती फक्त दोन ठिकाणी! कारण बऱ्याच ठिकाणी खरा त्रास प्रवाहात नव्हताच, वरच्या पाणलोटात होता. डांबर-सिमेंटवरून पाऊस आला की एका तासात लोंढा, सोबत तेल, मीठ, खत. खाली दगड कितीही कलात्मक रचा, किडे वाहून जाणार किंवा मरणार.

आमच्या ड्रॉइंगमध्ये नदी म्हणजे एक आडवा छेद असतो, रुंदी, खोली, उतार. वरचं पाणलोट नकाशाच्या बाहेर असतं. कंत्राटच तेवढ्या पट्ट्याचं निघतं ना.

पाणकोंबडी

बाप रे. 78 पैकी 2.

खारवट

खारफुटीची कथा याहून वाईट आहे, आणि ती थेट झाडं लावण्याचीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

डिसेंबर 2004 च्या सुनामीनंतर किनाऱ्यांवर खारफुटी लावायची लाट आली. श्रीलंकेत नंतर संशोधकांनी अशा 23 जागा पुन्हा जाऊन बघितल्या. हजार-बाराशे हेक्टरवर लागवड झाली होती, टिकली ती जेमतेम दोनशे-सव्वादोनशे हेक्टरवर. नऊ जागांवर एकही रोप जिवंत नव्हतं. फिलिपिन्समध्येही कित्येक वर्षांच्या लागवडीचा हिशेब असाच निघाला, दहा-वीस टक्के जगली तर जगली.

कारण समजून घेण्यासारखं आहे. खारफुटी भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात वाढते, पण त्या पट्ट्यातही वरच्या अंगाला. दिवसातला बराच वेळ मुळं उघडी राहावी लागतात, नाहीतर गुदमरतात. वरच्या जागेवर आधीच कोळंबीची तळी, वस्ती, कुणाची तरी मालकी. मग रोपं कुठे लावायची? जिथे भांडण नाही तिथे, म्हणजे खाली चिखलात, जिथे पाणी जवळजवळ सतत असतं. तिथे खारफुटी निसर्गतः कधीच नव्हती. कधीकधी तर चांगलं समुद्री गवत गाडून रोपं लावली. त्यात जात पण रायझोफोरा, कारण तिच्या लांबलचक शेंगा गोळा करायला आणि चिखलात खोचायला सोप्या. तिथे नैसर्गिकरीत्या पुढे सरसावणाऱ्या जाती वेगळ्याच असतात.

रॉबिन लुईस नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने याच्या उलट रीत वर्षानुवर्षं सांगितली आणि फ्लोरिडात करून दाखवली. आधी बघा की खारफुटी आपण होऊन परत का येत नाहीये. बहुतेक वेळा उत्तर असतं बांध किंवा भराव, पाणी आत-बाहेर होत नाही. बांध फोडा, जमिनीची उंची शेजारच्या जिवंत खारफुटीशी जुळवा, बिया पाण्याबरोबर येतात. रोपं लावायची ती शेवटी, बिया येतच नसतील तर. पण बांध फोडायचा समारंभ करता येत नाही, आणि 'एका दिवसात इतके लाख' असा फलक तर नाहीच नाही.

आडमुठा

खारवटताई, हे पटलं. पटलं म्हणून रागही आला, कारण हे सगळं माहीत असूनही लाटा येतातच.

पाणकोंबडी

कुणीतरी लागवड यशस्वी झाल्याचं सांगा बघू. झोप नाही लागायची.

खारवट

घ्या, व्हर्जिनियाचं ईलग्रास. हे समुद्राच्या तळावर वाढणारं सपुष्प गवत. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला एका रोगाने आणि पाठोपाठ 1933 च्या चक्रीवादळाने तिथल्या किनारी खाड्यांतून ते पूर्ण नाहीसं झालं, त्याच्याबरोबर स्कॅलप शिंपलेही गेले. पुढे दशकं गेली तरी ते परत येईना. पाणी तर चांगलं होतं. बी येऊन पडेल इतक्या जवळ कुठे गवतच शिल्लक नव्हतं, एवढीच अडचण. हे एकदा नक्की झाल्यावर संशोधकांनी रोपांऐवजी बियाच पेरायला घेतल्या. वीसेक वर्षांत सात कोटींहून जास्त बिया, पेरलेलं क्षेत्र दोनशे हेक्टरच्या आसपास. गवत पसरत पसरत 3,600 हेक्टरवर गेलं. गाळात कार्बन साठू लागला, मासे वाढले, मग स्कॅलपही परत सोडले.

इथे लागवडच बरोबर ठरली. खारफुटीत बी होतं, जागा अडवलेली होती. इथे जागा होती, बी नव्हतं. बाहेरून दोन्ही दृश्यं सारखीच दिसतात, उजाड.

खडकाळ

माझ्याकडून हबर्ड ब्रूक, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं संशोधनासाठी राखलेलं जंगल. आम्लवर्षा उत्तर अमेरिकेत तिथे उजेडात आली, 1963 पासून पाऊस आणि ओढे मोजताना. लायकन्स आणि बोरमन आम्ल शोधायला गेलेच नव्हते, ते पाणलोटाचा जमाखर्च मांडत होते. किती येतं, किती जातं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. 1990 च्या कायद्याने गंधकाचं प्रदूषण कमी झालं, पाऊस सुधारला, तरी जंगल काही सुधारेना. जमाखर्चाच्या जुन्या वह्या होत्याच. त्यातून दिसलं की एवढ्या वर्षांच्या आम्लाने मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलंय. अंदाज बरोबर आहे का हे बघायला 1999 मध्ये एका अख्ख्या पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमचं खनिज टाकलं. तिथले शुगर मेपल वृक्ष सावरले, शेजारच्या न टाकलेल्या पाणलोटातले तसेच राहिले.

वह्या नसत्या तर 1990 नंतर 'प्रदूषण थांबवलं, काम संपलं' म्हणून सगळे घरी गेले असते.

थिसिसग्रस्त

वरचं सगळं खरं आहे. आता आतली बाजू.

पीएचडी चार-पाच वर्षांची, प्रकल्पाचा निधी तीन वर्षांचा. जंगलाला यातलं काही माहीत नसतं. त्यामुळे आमचे बहुतेक अभ्यास लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचे असतात, जेव्हा सगळं हिरवं आणि आशादायक दिसतं. माझ्या ओळखीतल्या एकाने फसलेल्या लागवडीवर प्रामाणिक प्रबंध लिहिला, निधी देणाऱ्यांनी अहवालातला तो भागच गाळायला सांगितला. नाव घेत नाही. फसलेलं छापून येत नाही, म्हणून पुढचा तेच पुन्हा करतो.

दीर्घकाळ म्हणजे किती, तर 2012 मध्ये मोरेनो-मातेओस आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या 621 पाणथळ जागांची आकडेवारी एकत्र केली. पुनरुज्जीवित पाणथळी धडक्या पाणथळींच्या तुलनेत सरासरीने वनस्पती-प्राण्यांच्या रचनेत 26 टक्के आणि कार्बनसाठ्यासारख्या कामात 23 टक्के मागेच होत्या. काही जागांना शंभर वर्षं झाली होती तरी. हा आकडा धोरणवाल्यांनी भिंतीवर लावायला हवा, कारण 'इथलं बुजवा, तिथे नवीन करून देऊ' हा सौदा सगळीकडे याच्याच उलट गृहीतकावर चालतो.

कुरण

थिसिसग्रस्त, शेवटचा मुद्दा माझ्या मनातला.

संशोधकांचीही बाजू कायम स्वच्छ असते असं नाही, तेही लिहितो. 2019 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक पेपर आला, की जगात आणखी 90 कोटी हेक्टरवर झाडोरा मावेल आणि तो वाढला की 205 अब्ज टन कार्बन साठेल. बातम्यांत 'झाडं लावणं हा सर्वोत्तम उपाय' असंच गेलं. त्यावर जोसेफ वेल्डमन आणि इतर अनेकांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं: तुमच्या हिशेबात नैसर्गिक गवताळ प्रदेश आणि सॅव्हाना (विरळ झाडांची गवताळ राने) 'रिकामी जागा' म्हणून धरलेत, तिथल्या मातीत आधीच असलेला कार्बन नीट धरलेला नाही, आकडा कित्येक पट फुगलाय. लेखकांना नंतर दुरुस्ती द्यावी लागली, 'सर्वोत्तम उपाय' ही भाषा मवाळ करावी लागली. पण मूळ बातमी जेवढ्यांनी वाचली त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही दुरुस्ती वाचली नसेल, पैज लावतो.

गवताळ प्रदेश हे मोडलेलं जंगल नव्हे, हे कितीदा सांगायचं! तिथे झाडं लावणं म्हणजे दुसरी मोडतोड.

सुरवंट

+१. आयडीतच कुरण आहे, तेव्हा हे येणारच होतं.

थोडं हलकंफुलकं. कोस्टा रिकात डॅनियल जँझेन या जीवशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने 1990 च्या दशकात एका रस कारखान्याची सुमारे बारा हजार टन संत्र्याची सालं आणि चोथा राष्ट्रीय उद्यानातल्या तीन हेक्टर उजाड कुरणावर ओतला. प्रतिस्पर्धी कंपनीने कोर्टात खेचलं, प्रकल्प बंद पडला, सगळे विसरले. कितीतरी वर्षांनी एक विद्यार्थी ती जागा शोधायला गेला, तर पाटीच सापडेना, इतकं रान माजलेलं. मोजलं तेव्हा जमिनीवरचा जैवभार, म्हणजे झाडाझुडपांचं वजन, शेजारच्या न टाकलेल्या भागापेक्षा 176 टक्के जास्त निघाला. 2017 चा पेपर आहे.

मुरूम

शेजारचा न टाकलेला भाग तसाच राहिला होता हे नशीब. नाहीतर 176 कशाच्या तुलनेत म्हणणार? आमच्याकडे सगळीच्या सगळी जागा 'कव्हर' केल्याशिवाय बिल निघत नाही. थोडा भाग मुद्दाम हात न लावता सोडा म्हटलं तर लेखापरीक्षक म्हणतो काम अपूर्ण.

आडमुठा

आता माझा शेवटचा आक्षेप, आणि याचं उत्तर कुणाकडे असेल असं वाटत नाही. तुम्ही जे पूर्ववत करताय ते 'पूर्व' तरी राहिलंय का? फ्लोरिडात वर्षानुवर्षं प्रवाळांची रोपवाटिका चालवून, हाताने एकेक तुकडा खडकावर चिकटवून बसवला. 2023 च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि स्टॅगहॉर्न, एल्कहॉर्न या दोन जाती तिथे जवळपास संपल्या. काही तुकडे घाईघाईने काढून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले. त्यात कारण माहीत होतं, मोजमापही होतं. कुरण म्हणतात ती दोन्ही टोकं होती.

खारवट

होती. आणि त्याने ते वाचलं नाही. कारण माहीत असणं आणि ते आपल्या हातात असणं वेगळं. समुद्राचं तापमान प्रवाळ लावणाऱ्यांच्या हातात नाही. आता उष्णता सोसणारे वाण निवडणं, दुसरीकडच्या प्रवाळांशी संकर, असे प्रयोग चाललेत. त्याने वेळ मिळेल. किती, हे लावणाऱ्यांवर नाही, कार्बन जाळणाऱ्यांवर ठरेल. याहून गोड उत्तर माझ्याकडे नाही.

थिसिसग्रस्त

आणि 'पूर्व' म्हणजे कुठलं साल, यावर आमच्याकडेही मारामाऱ्या चालतात. बी स्थानिकच वापरायचं की थोड्या उष्ण भागातलं मिसळायचं, यावर दोन गट आहेत. मिसळून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि झाडाच्या बाबतीत कळायला तीसेक वर्षं.

आडमुठा

ठीक. प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. मग निदान एवढं सांगा, निधी तीन वर्षांचा आणि जंगल तीस वर्षांचं, तर मधली सत्तावीस वर्षं मोजणार कोण? माझ्यासारखा सामान्य माणूस मोजू शकेल असं काही आहे की तिथेही पीएचडी लागते?

शेवाळ

तळं असेल तर आजच सुरू करता येतं. सेक्की चकती. अँजेलो सेक्की नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने 1865 मध्ये समुद्रात वापरली, अजून तीच रीत चालते. वीस सेंटिमीटर व्यासाची चकती, आलटून पालटून काळे-पांढरे चार भाग रंगवलेली, मधून दोरी. बोटीच्या सावलीच्या बाजूने पाण्यात सोडायची, दिसेनाशी होते ती खोली टिपायची, आणखी थोडी खाली सोडून वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली टिपायची, दोन्हींची सरासरी. दुपारच्या आसपास, शांत पाण्यात, दर वेळी त्याच जागी. वर अमेरिकेतली तळी म्हटलं ना, तिथल्या कित्येक तळ्यांच्या जुन्या नोंदी अशाच हौशी लोकांच्या आहेत, आणि संशोधक त्या वापरतात.

आडमुठा

चकती लाकडाची चालेल? बोट मिळण्यासारखी आहे.

शेवाळ

लाकूड तरंगेल. पत्रा किंवा जाड अॅक्रिलिक घ्या आणि खाली वजन बांधा, नाहीतर प्रवाहाने तिरपी जाते आणि खोली जास्त भरते. दोरी ताणणारी नको, नायलॉन ओला झाला की लांबतो. खुणा दर दहा सेंटिमीटरवर. आणि गॉगल काढून बघा.